पाणी न लावलेली मस्तकी

मस्तकीच्या झाडाला टोचायचं म्हणजे आधी त्याच्यापुढे गुडघे टेकावे लागतात. झाड बुटकं, वेडंवाकडं, फांद्या खाली झुकलेल्या. उभ्यानं हात पोचत नाही आणि बसून मान वळत नाही. ग्रीसमधल्या खिओस बेटाच्या दक्षिणेकडच्या गावांतल्या बायकांचे गुडघे त्यापायी लवकर जातात. प्लुमीचे केव्हाच गेले होते. तरी दर उन्हाळ्यात ती जुन्या घोंगडीचे तुकडे गुडघ्यांना बांधायची, डोक्याला पांढरा रुमाल गुंडाळायची आणि सुनेच्या आधी गाढव सोडून रानाची वाट धरायची.

सप्टेंबर लागला होता. झाडांना दुसऱ्यांदा टोचायचं चाललं होतं. झाडाखालची जमीन झाडून, चोपून, तिच्यावर पांढरी माती पसरलेली, घरातल्या ओट्यासारखी स्वच्छ. टोचणीचं अणकुचीदार टोक सालीत शिरलं की क्षणभर काहीच होत नाही. मग जखमेच्या काठाशी डिंकाचा एक बारीक थेंब डोळा उघडतो, फुगतो, लोंबतो, कधी खाली मातीवर पडतो, कधी सालीलाच धरून राहतो. दोन-अडीच आठवड्यांत तो काचेसारखा कडक होतो, तीच मस्तकी. तोवर पाऊस येऊ नये, एवढंच मागणं.

"आई, त्या फांदीला मी परवाच टोचलंय," शेजारच्या झाडाखालून सून थोदोरा म्हणाली. "किती रडवाल तिला?"

"ते टोचलेलं होतं होय? मला वाटलं, मांजरानं नखं घासली."

"मांजर बरं. मांजराला सासू नसते."

प्लुमी हसली, पण तोंड झाडाकडे करून. सुनेला हसू दाखवायची तिला सवय नव्हती. मुलगा सिदेरीस जहाजावर होता. वर्षातले दोन महिने घरी, बाकी समुद्रावर. घरात या दोघी बायका आणि एक गाढव. झाडं त्याच टोचायच्या, त्याच झाडायच्या, त्याच वेचायच्या. भांडणं त्याच करायच्या आणि संध्याकाळी एकाच ताटातले टोमॅटो आणि जैतुनाची फळं त्याच खायच्या.

त्या वर्षी पहिली वेचणी निम्मी वाया गेली होती. ऑगस्टात, कधी नव्हे तो, भर दुपारी पाऊस कोसळला. झाडाखाली कडक झालेले खडे पांढुरके पडले, एकमेकांना चिकटले, मातीत लडबडले. आता सगळी भिस्त या दुसऱ्या खेपेवर होती. तरी प्लुमी तोंड पाडून बसली नव्हती. वसंतात नातीचा फोन आल्यापासून ती अशी काही चालायची, की गुडघे दुखतात हे तिचं तिलाच आठवत नसे.

नात अनेझीना अथेन्सला दातांची डॉक्टर होत होती. शेवटच्या वर्षाच्या प्रयोगाला तिनं मस्तकीच घेतली. तिच्या वर्गात कुणी लवंगेचं तेल घेतलं, कुणी जंगली ओव्याचं, तिनं आपल्या घरची मस्तकी. आजीनं दिलेली बरणी घेऊन गेली, मद्यार्कात विरघळवून अर्क केला, आणि ईस्टर झाल्यावर कॉफीखान्यातल्या फोनवर तिचा आवाज एवढा मोठा आला की पत्ते खेळणाऱ्या पुरुषांनीही ऐकला.

"आजी, मेले! सगळे मेले!"

"कोण गं मेले?" प्लुमीनं छातीवर क्रूस केला.

"जंतू गं! दात किडवणारे!"

दुसऱ्या दिवशी गावच्या भट्टीवर भाकऱ्या भाजायला जमलेल्या बायकांना प्लुमीनं ते सगळं समजावून सांगितलं. नातीनं जसं सांगितलं तसं, आणि थोडं आपलं घालून. "काचेच्या बशीत खीर असते. त्या खिरीत जंतू पेरायचे. विरजण लावतो ना, तसे. ते रात्रीत सगळीकडे पसरतात, बशी धुरकट होते. मग मधोमध आपल्या मस्तकीचा थेंब ठेवायचा. आणि काय सांगू, भोवती हे एवढं गोल साफ! एक जंतू म्हणून जवळ आला नाही. तिच्या बाई म्हणाल्या, असं गोल आम्ही बघितलं नाही."

"बघतील कुठून," स्माराग्दा म्हणाली. भट्टीच्या तोंडाशी ती पहिल्यापासून उभी होती. "मस्तकी तुझी होती ना. माझी असती तर जंतू बशीतच नाचले असते."

स्माराग्दाची झाडं डोंगरउताराच्या वरच्या पायरीवर, प्लुमीच्या झाडांना लागून. दोघी एकाच वर्षी लग्न होऊन या गल्लीत आल्या. तेव्हापासून एकीच्या खिडकीत टोमॅटोची माळ टांगली गेली की दुसरीच्या खिडकीत तिच्याहून लांब माळ टांगली जायची. त्या दिवसापासून स्माराग्दानं प्लुमीला 'डॉक्टरीणबाई' म्हणायला सुरुवात केली. गाढवाला हाकतानाही म्हणायची, "बाजूला हो रे, डॉक्टरीणबाईंची स्वारी येतेय." प्लुमीला ते लागायचंही आणि आवडायचंही.

*

अनेझीना आली ती न कळवता. संध्याकाळच्या बसमधून उतरली, एक पिशवी आणि एक लाकडी खोका घेऊन. खोक्यात रिकाम्या काचेच्या बाटल्या किणकिणत होत्या. थोदोरानं तिला पाहिलं आणि आधी पोटाशी धरलं, मग दूर करून निरखलं.

"वाळलीस गं. तिकडे खायला घालत नाहीत का?"

"घालतात. जात नाही."

प्लुमीनं तिच्यासाठी अंड्यांवर मागच्या वर्षीची सुकवलेली वांगी परतून घातली, पोरीनं दोन घास खाल्ले. मस्तकीचा पांढरा मुरंबा थंडगार पाण्याच्या पेल्यात बुडवून दिला, तो तिनं चमच्यानं नुसता फिरवला. शेवटी थोदोराच म्हणाली, "काय झालंय ते सांग. का जहाजावरनं बापाला बोलवू?"

मग पोरीनं सांगितलं. बाईंनी प्रयोग पुन्हा करायला लावला होता. त्यात वाईट काही नव्हतं, प्रयोग पुन्हा करायचाच असतो. पण आपल्या बरणीतली मस्तकी संपली होती, म्हणून तिनं बाजारातली आणली. तीही याच बेटावरची. पण ती वेचल्यावर नुसती चाळलेली होती. आणि बशीतलं गोल एवढंसं पडलं. कधी पडलं, कधी पडलंच नाही.

"बाजारातली!" प्लुमी म्हणाली. "जुनी असेल. भेसळ असेल. आपली ने."

"तेच म्हटलं बाईंना. म्हणून आले. बाईंनी थोडी मुदत दिलीय. त्यात ठरलं नाही तर वर्ष गेलं, आजी. आणि वर्ष गेलं की नुसतं वर्ष नाही जात. मग बाई या विषयाला परत हात लावू देणार नाहीत. म्हणतील, आजीबाईंचं औषध, सोडून दे."

प्लुमीनं पेला नातीच्या हाताशी सरकवला. "आधी खा. उद्या मी तुला अशी मस्तकी देते, की तुझ्या बाईंचे डोळे दिपतील."

सकाळी अनेझीना उठून मागच्या अंगणात आली, तेव्हा प्लुमी दगडी कुंडापाशी वाकली होती. बाह्या कोपरापर्यंत सारलेल्या. पाण्यात ऑगस्टातली निवडक मस्तकी, आणि हातात जैतुनाच्या तेलाच्या हिरव्या साबणाची वडी. ती खडे ओंजळीत घेऊन चोळत होती, जसं एखादं बाळ न्हाऊ घालावं तसं. फेस कोपरापर्यंत आला होता. एक पाणी टाकलं, दुसरं घेतलं, पुन्हा साबण लावला.

अनेझीना बघत उभी राहिली. मग कुंडाच्या कडेवर बसली. मग म्हणाली, "आजी, मला दिलेलीही अशीच धुतली होतीस?"

"अशीच? छे. तुझी तीनदा धुतली. इतरांची एकदा धुते. म्हटलं, अथेन्सला जायची, त्या डॉक्टर लोकांच्या नजरेला पडायची."

"आणि साबण काढायला पाणी?"

"गेल्या साली पाणी होतं कुठं? टाकी तळाला गेलेली. एकदा खळबळून काढली." प्लुमी थांबली. तिचे हात फेसातच राहिले. "का गं?"

अनेझीनानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. तिचे खांदे हलायला लागले. थोदोरा आतून धावत आली. तिला वाटलं पोरगी रडतेय. ती हसत होती. हसता हसता डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि मग ते नुसतंच पाणी उरलं.

"साबण गं. साबणानं मेले जंतू. साबणानं काहीही मरतं. ते एवढं मोठं गोल आपल्या मस्तकीचं नव्हतंच. ते आपल्या साबणाचं होतं."

प्लुमी हळूच खाली बसली, ओल्या फरशीवर. "म्हणजे मी केलं ते."

"तू नाही गं. मी! मी इथं वाढलेय. या कुंडात मी हात भिजवलेत, फेसाचे फुगे केलेत. बाईंनी विचारलं होतं, तुमच्याकडे स्वच्छ कशी करतात? मी म्हटलं, हातानं निवडतात. साबण मला आठवलाच नाही. श्वास घेतो हे कुणी सांगतं का?"



"आता?" थोदोरानं विचारलं.

"आता न धुतलेली हवी. पाणी नको, साबण नको, तेलाचा हात नको. जमिनीवर पडलेलीही नको, पांढऱ्या मातीचा काय परिणाम होतो कोण जाणे. नुसती झाडाची. सालीवर लोंबणारी, तिथंच कडक झालेली. मूठभर पुरेल. पण मग खरं ते कळेल. तिच्यात काही आहे का नाही."

"आणि नसलं तर?"

प्लुमीनं फेसाळ हात झग्याला पुसले, आणि लगेच पुन्हा पाण्यात घालून नीट धुतले, जणू आतापासूनच सवय करायची होती.

*

मूठभर म्हणायला सोपं. सालीवरचे थेंब बोटाच्या नखाएवढेही नसतात. मोठे सगळे खाली पडतात, खाली पडावेत म्हणूनच तर जमीन चोपायची, माती पसरायची. वर राहतात ते चुकार. आणि प्लुमीची झाडं खोलगट रानात, जिथं ऊन उशिरा येतं. दुसऱ्या खेपेचे थेंब अजून मऊ होते. नखानं उचलायला गेलं तर मधासारखी तार यायची.

रोज पहाटे तिघी जायच्या, बघायच्या, परत यायच्या. अनेझीना शहरी बूट काढून आईची जुनी चप्पल घालून झाडांखाली सरपटायची. केसात पानं, कोपरांना खरचटलेलं. "एवढी शिकलीस आणि शेवटी इथंच," थोदोरा म्हणायची, पण तिच्या बोलण्यात टोचणी नव्हती.

प्लुमी कमी बोलायची. रात्री तिला झोप लागत नसे, हे थोदोराला पलंगाच्या कुरकुरण्यावरून कळायचं. एका सकाळी वाटेवर सुनेनं गाढव थांबवलं आणि म्हणाली, "आई, पुरे आता. तुम्ही प्रेमानं धुतलीत. प्रेमानं केलेलं आहे, त्याचं काय असं मनाला लावून घ्यायचं?"

"माया केली म्हणून तर. तुला दिली असती तर एकदाच धुतली असती," प्लुमी म्हणाली.

थोदोरा एवढी हसली की गाढवानं कान उभे केले. सासू-सुनेत एवढं मनमोकळं हसणं त्या वाटेनं बहुधा पहिल्यांदाच ऐकलं.

गावात बातमी पसरायला वेळ लागला नाही. भट्टीवर स्माराग्दानं विचारलंच, "काय डॉक्टरीणबाई, ऐकलं ते खरं? जंतू न्हाऊन मेले म्हणे?"

बायका हसल्या. प्लुमीनं आपली भाकरी फडक्यात गुंडाळली आणि निघाली. पाठीत हसणं आलं. वळणावर तिच्या मागून पावलं वाजली. स्माराग्दा होती, धापा टाकत.

"रागावलीस?"

"नाही. तुझं बरोबर आहे. मीच सगळ्यांना सांगत सुटले होते."

स्माराग्दाला याची सवय नव्हती. प्लुमीनं उलटून काही तरी बोलायला हवं होतं. ती जरा घुटमळली, म्हणाली, "पोरगी रडली का?"

"रडली."

"हं," स्माराग्दा म्हणाली आणि परत फिरली.

*

वारा फिरला तो अनेझीनाच्या मुदतीच्या शेवटाला. पहाटे दक्षिणेकडून ऊबदार, दमट झुळूक यायला लागली. भिंतीवर हात ठेवला तर दगड घामेजलेला. प्लुमीनं दारात उभं राहून समुद्राकडे पाहिलं. क्षितिजावर शिशाच्या रंगाचा पट्टा होता.

"दुपारच्या आत येणार," ती म्हणाली.

असा पाऊस चालून आला की गावात एकच धावपळ. जो तो आपल्या झाडांखालची मस्तकी वेचायला पळतो. झाडू, सुपं, चाळण्या, पोती. शाळेतली पोरं, लंगडे म्हातारे, सगळे. कुणी कुणाला हाक मारत नाही, कुणी कुणासाठी थांबत नाही, आणि त्यात कुणाला वाईटही वाटत नाही. वर्षाचं पीक जमिनीवर पडलेलं असतं.

त्या तिघी रानात पोचल्या तेव्हा सगळ्या पायऱ्यांवर माणसं वाकलेली होती. थोदोरानं झाडू उचलला आणि सासूकडे पाहिलं. खाली पडलेलं वेचायचं तर वरचं राहणार, वरचं काढायचं तर खालचं भिजणार.

"तू खालचं बघ," प्लुमी म्हणाली. "आम्ही दोघी वरचं."

"पण माझ्याच्यानं एकटीनं..."

"बघ म्हटलं ना."

प्लुमी आणि नात झाडाझाडाखाली सरपटल्या. सुरीचं टोक सालीला टेकवून थेंब उडवायचा आणि बाटलीत झेलायचा. पण थेंब अजून पिकले नव्हते. सुरीला चिकटायचे, ओढले की सालीचा तुकडा घेऊन यायचे. एक झाड, दुसरं, तिसरं. बाटलीच्या तळाशी चिकट, तपकिरी, साल मिसळलेलं काहीतरी जमलं. अनेझीनानं ते उजेडात धरलं आणि बूच लावलं. दूर गडगडलं.

"नाही होणार, आजी."

"होईल."

"अगं, मऊ आहे सगळी. अजून चार दिवस हवे होते."

प्लुमी गुडघ्यांवरच बसून राहिली. तिच्या कपाळावर घाम होता आणि त्यात पांढरी माती. आपण या पोरीसाठी जे जे म्हणून करतो ते तिच्या वाटेत येतं, असं काहीसं तिच्या मनात आलं. ते तिनं बोलून दाखवलं नाही. दाखवलं असतं तर पोरीला वेचणं सोडून आजीला समजावत बसावं लागलं असतं.

"ए डॉक्टरीणबाई!"

वरच्या पायरीच्या काठाशी स्माराग्दा उभी होती. हातात झाडू, पण तो तिनं बंदुकीसारखा खांद्यावर टाकलेला.

"काय करताय तिथं त्या खड्ड्यात? तुमच्याकडे ऊन येतं कधी, दुपारी? माझी बघा, माझी केव्हाची कडक झालीय. मी तुमच्या आधी टोचलीय, नेहमीसारखी. या वर!"

प्लुमीनं मान वर केली. "आणि तुझं खाली पडलेलं?"

"ते पडलंय."

"पाऊस येतोय, स्माराग्दे."

"दिसतंय मला. आंधळी नाही मी. त्याला धुवायला पाऊस येतोय, तेवढाच माझा साबण वाचला. येतेस का नवऱ्याला बोलावू उचलायला?"

नवरा तिचा त्या क्षणी शेवटच्या झाडाखाली सूप धरून बसला होता, आणि बायको काय बोलतेय हे ऐकून त्याच्या हातातलं सूप तिरकं झालं होतं. "अगं, काय करतेस?" त्यानं ओरडून विचारलं.

"तू झाड तिकडे, जमेल तेवढं! मला बोलत बसायला वेळ नाही."

तिच्या झाडांवर खरंच थेंब कडक झाले होते. सकाळच्या त्या करड्या उजेडातही ते चमकत होते, सालीच्या रेघांतून बाहेर आलेले, टोकदार, नितळ. अनेझीनानं सुरी टेकवली, टच् आवाज झाला आणि थेंब बाटलीत काचेवर वाजला. तिनं आजीकडे पाहिलं. प्लुमीचे हात आधीच चालू झाले होते.

तिघी तीन झाडांशी. स्माराग्दा सर्वांत वेगानं. "लहानपणी हेच खायचे मी चोरून," ती म्हणाली, "सालीवरचे. खालचे मोजलेले असायचे ना, आईला कळायचं." हात तेलकट नाहीत ना म्हणून पोरीनं विचारलं तेव्हा तिनं दोन्ही हात झग्याला पुसून दाखवले, शाळेत दाखवतात तसे, उलटे-पालटे. तिच्या पायांखाली तिची स्वतःची मस्तकी पडलेली होती. तुडवली जाऊ नये म्हणून ती पाऊल जपून टाकायची, पण वाकून एक खडा उचलत नव्हती. उचलायला वेळ गेला असता.

पहिले थेंब पडले ते मोठे, सुटे. पांढऱ्या मातीवर काळे ठिपके उमटले. स्माराग्दाच्या नवऱ्यानं पोत्याचं तोंड आवळलं. तळाशी होतं तेवढंच. मग आभाळ एकदम खाली आलं. अनेझीनानं बाटल्या सदऱ्याच्या आत, पोटाशी धरल्या आणि सगळे रानातल्या दगडी झोपडीत पळाले.

आत पाय ठेवायला जागा नव्हती. गाढवही आलं होतं. थोदोरा भिजून चिंब, हातात निम्मं भरलेलं सूप. बाहेर पाणी पायऱ्यांवरून धो धो उतरत होतं, पांढरी माती दुधासारखी वाहत होती, आणि तिच्यात स्माराग्दाची मस्तकी. स्माराग्दानंच शेवटी झग्याच्या खिशातून एक चुकार थेंब काढला, पोरीच्या बाटलीत टाकला आणि म्हणाली, "हा राहिला होता. उगाच माझ्यावर चोरीचा आळ नको."

*

निवडायला गल्लीतल्या बायका आल्या. हे काम हिवाळ्यातलं. थंडीत सगळ्याजणी एकेकीच्या घरी बसतात, मांडीवर ताट, हातात बारीक सुरी, आणि गावातल्या प्रत्येकाचं नाव एकदा तरी निघतं. पण त्या दिवशी सप्टेंबरातच प्लुमीच्या घरात बैठक बसली. पाण्याला हात लावायचा नाही, साबण तर नावालाही नाही. सालीचा कण दिसला की सुरीच्या टोकानं खरवडायचा. एरवी तिघी-चौघींनी एका बैठकीत गोणी निवडली असती, त्यांनी त्या मूठभर खड्यांवर अख्खी दुपार घालवली.

स्माराग्दानं सवयीनं बोट जिभेला लावलं आणि खड्यावर फिरवलं.

"काकू, जीभ नको!" अनेझीना किंचाळली. "ज्या जंतूंना मारायचंय तेच लावताय!"

"माझ्या तोंडात?" स्माराग्दा दुखावली. "माझ्या तोंडात जंतू?"

"तुझ्या तोंडात कोण राहील," प्लुमी म्हणाली. "तुझं बोलणं ऐकूनच पळतील."

घरभर हसू उसळलं. स्माराग्दाही हसली, आणि तो खडा बाजूला काढून तिनं स्वतःच्या तोंडात टाकला. खड्यांचा ढीग ताटात पांढरा, नितळ दिसायला लागला. कुणीतरी म्हणालं, धुतलेली पण एवढी सुंदर दिसत नाही. अनेझीनानं खडे एकेक करून बाटल्यांत भरले. निघताना तिनं सगळ्यांचे हात हातात घेतले, चिकट, खरखरीत, सुरीनं कापलेले. बस सुटल्यावर प्लुमी बराच वेळ रस्त्यावर उभी होती.

*

ऑक्टोबर गेला. नोव्हेंबर गेला. प्लुमी कॉफीखान्यासमोरून जाताना पावलं मंद करायची. मालक मानेनं नाही म्हणायचा, ती पुढे जायची. बरेच दिवस असे गेल्यावर एका सकाळी तो स्वतः दारात येऊन उभा राहिला.

फोन कानाला लावला तर आधी नुसती खरखर.

"आजी? ऐकू येतं?"

"येतं. सांग."

"गोल पडलं."

प्लुमीनं भिंतीला हात टेकवला.

"पहिल्यासारखं मोठं नाही," अनेझीना म्हणत होती. "तेवढं कधीच पडणार नाही. लहान आहे. पण प्रत्येक बशीत आहे, आजी. दर वेळी. बाईंनी स्वतः करून पाहिलं, दुसऱ्या मुलीला करायला लावलं, मग परत स्वतः केलं. बाजारातल्या मस्तकीत मातीच फार होती. ही शुद्ध आहे. आणि जंतू मरतात ते तिच्यानंच. दुसऱ्या कशानं नाही. बाई म्हणाल्या, मोठं खोटं गोल होतं त्यापेक्षा हे लहान बरं. याच्यावर पुढं बांधता येईल. पुढच्या शिक्षणालाही मला हाच विषय दिलाय. आजी? आहेस ना?"

"आहे."

"रडू नकोस गं."

"रडत नाहीय. तू जेवतेस का?"

"जेवते. आता जातं."

फोन ठेवून प्लुमी बाहेर आली. ती घरी गेली नाही. गल्लीत तिच्या दाराच्या आधी स्माराग्दाचं दार लागतं, ते तिनं ढकललं.

स्माराग्दा खिडकीशी बसली होती, मांडीवर ताट. ताटात त्या पावसाची मस्तकी होती. पाऊस ओसरल्यावर चिखलातून तिनं खणून काढलेली. करडी, चिकटलेली, गोळे झालेली. तिच्यातून जे निघेल ते काढत ती दिवसचे दिवस बसत होती, आणि असली मस्तकी कुणी चांगल्या भावानं घेत नाही हे दोघींनाही माहीत होतं. आजवर तिनं त्याबद्दल एक शब्द काढला नव्हता. डॉक्टरीणबाई म्हणणं मात्र चालूच होतं.

प्लुमीच्या तोंडाकडे पाहून तिनं सुरी खाली ठेवली. "काय गं? फोन आला?"

प्लुमी तिच्यापुढे गुडघ्यांवर बसली. झाडापुढे बसते तशी, दुखऱ्या गुडघ्यांवर, हात टेकत टेकत. तिनं स्माराग्दाचा उजवा हात ताटातून उचलला, त्याला करडे कण चिकटलेले होते, आणि तो ओठांना लावला.

"अगं ए! सोड! मी काय पाद्री आहे, हात चुंबायला?" स्माराग्दा हात ओढायला लागली. तिचा आवाज चिरकला होता. "हात चिकट आहे माझा. ओठ चिकटतील तुझे, समजलं? गावाला तेवढीच शांतता. सोड म्हणते ना... मार्गी लागलं का पोरीचं? लागलं?"

प्लुमीनं मान हलवली. हो.

स्माराग्दानं मग हात ओढला नाही. दुसऱ्या हातानं तिनं प्लुमीच्या डोक्यावरचा रुमाल नीट केला.